सिंगापूर–न्यूयॉर्क : अंतर १५,३४५ किमी की १६,६०० किमी? आणि विमानात नक्की किती तास?

दूरदेशी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जानेवारीत आईला घेऊन सिंगापूरहून न्यूयॉर्कला भावाकडे जायचं आहे. आई बहात्तर वर्षांची आहे, तब्येत ठणठणीत, फक्त गुडघे कुरकुरतात. तिने मला एकच प्रश्न विचारला, "विमानात नक्की किती तास बसायचं?" वाटलं, पाच मिनिटांत शोधून सांगते. दोन दिवस झाले, अजून शोधतेच आहे.

अंतर काढून देणाऱ्या एका साइटवर १५,३४५ किमीच्या आसपास आकडा मिळाला. त्याच साइटवर 'उड्डाणाचा वेळ : १७ तास' असं लिहिलंय. तिकिटावर १८ तास ४० मिनिटं आहेत. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर मागच्या आठवड्यातली हीच फ्लाइट उघडली, तर ती १६,००० किमीपेक्षा जास्त उडालेली! आणि तिकिटावर सिंगापूरहून रात्री ११:३५ ला निघून न्यूयॉर्कला पहाटे ५:१५ ला पोचायचं आहे, म्हणजे घड्याळात पावणेसहा तासच. आई म्हणाली, "अगं, मग एवढा कसला विचार करतेस?" तिला काय सांगू?

कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

गणितप्रेमी

हे अंतर तुम्ही घरी, कॅल्क्युलेटरशिवाय काढू शकता. शहरांची जोडीच तशी आहे.

सिंगापूरचा विमानतळ साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ७४ अंश पश्चिमेला. १०४ + ७४ = १७८. म्हणजे दोन्ही शहरं पृथ्वीच्या जवळजवळ बरोबर विरुद्ध बाजूंच्या रेखांशांवर आहेत. अशा वेळी दोघांमधला सगळ्यात जवळचा रस्ता जवळपास उत्तर ध्रुवावरूनच जातो.

आता फक्त अक्षांश बघा. सिंगापूर १.३६ अंश उत्तर, तिथून ध्रुव ८८.६४ अंशांवर. न्यूयॉर्क ४०.६४ अंश उत्तर, तिथून ध्रुव ४९.३६ अंशांवर. बेरीज १३८ अंश. पृथ्वीवरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किमी. १३८ × १११.२ = १५,३४५ किमी.

सागरी मैलांत तर आणखी सोपं. एका अंशाचे ६० सागरी मैल, कारण सागरी मैलाची कल्पनाच अक्षांशाच्या एका मिनिटावरून आली. १३८ × ६० = ८,२८०. एक सागरी मैल १.८५२ किमी.

त्या साइटने १५,३४५ ला ९०० ने भागलं आणि १७ तास लिहून टाकले. बाकी काही केलेलं नाही.

पहिलाच_प्रतिसाद

पण नकाशात तर न्यूयॉर्क सिंगापूरच्या वर-डावीकडे दिसतं. सरळ रेघ मारली तर भारत, अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक असा रस्ता येतो. ध्रुव मध्येच कुठून आला?

नकाशे

@पहिलाच_प्रतिसाद, हा प्रश्न मला वर्गात दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा काढते.

भिंतीवरचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटरचा किंवा त्याच्या घराण्यातला असतो. मर्केटरने तो १५६९ साली खलाशांसाठी काढला, होकायंत्राची दिशा न बदलता जाता यावं म्हणून. त्याची किंमत म्हणजे ध्रुवाकडचे प्रदेश ताणले जातात. त्या नकाशात ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. ध्रुव तर त्या नकाशात मावतच नाही, मग ध्रुवावरून जाणारा रस्ता त्यात सरळ कसा दिसेल?

घरी ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल असेल तर त्याचा परीघ ९४ सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किमी. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ किमी. दोऱ्याचं एक टोक सिंगापूरवर अंगठ्याने दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि दोरा हळूहळू ताणा. तो आपोआप घसरत वर जातो आणि चीन, मंगोलिया, सायबेरिया, ध्रुवाच्या शेजारून कॅनडा असा बसतो. आता दोरा पट्टीवर मोजा. ३६ सेंटिमीटर भरेल. वरच्या प्रतिसादातला आकडा तोच आहे.

या ताणलेल्या दोऱ्याच्या रेषेला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठी पुस्तकांत 'बृहद्वृत्त'. मुलांना सूत्र सांगितलं की ती विसरतात. दोरा घसरताना एकदा बोटाखाली जाणवला की विसरत नाहीत.

दूरदेशी

@नकाशे, आत्ताच भाचीचा गोल घेऊन करून पाहिलं. तो लहान आहे, पण दोरा खरंच घसरत वर गेला! आईनेही केलं, दोनदा.

पण यामुळे गोंधळ वाढला. सगळ्यात जवळचा रस्ता ध्रुवावरून असेल, तर ॲपवर दिसलेलं विमान फिलिपिन्सच्या बाजूने, जपानच्या पूर्वेकडून, अख्खा उत्तर पॅसिफिक ओलांडून, अलास्काच्या खालून कॅनडात का शिरलं? हजार-बाराशे किमी जास्त उडायची कंपनीला काय हौस?

निवृत्त_डिस्पॅचर

मी पस्तीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. उड्डाणाचा मार्ग आखणं, इंधन काढणं, हवामान बघणं हेच काम. त्यामुळे या प्रश्नावर जरा लांब लिहितो.

आमच्या खात्यात नवीन मुलगा आला की त्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट पटवावी लागायची. विमान जमीन कापत नाही, हवा कापतं. प्रवाशाला शहरापासून शहरापर्यंतचे किलोमीटर दिसतात. विमानाला दिसते ती फक्त समोरची हवा. आणि ती हवा स्वतःही कुठेतरी चाललेली असते. आम्ही दोन अंतरं वेगळी धरायचो, जमिनीवरचं अंतर आणि 'एअर माइल्स', म्हणजे हवेतून कापलेलं अंतर. इंधन आणि वेळ दोन्ही दुसऱ्यावर ठरतात.

आकडे घालून बघू. मोठं लांब पल्ल्याचं विमान ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.८५ पट वेगाने जातं. ३६,००० फुटांवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किमीच्या जवळ. त्याचे ८५ टक्के म्हणजे साधारण ९००. हा वेग हवेच्या मानाने.

रस्ता पहिला : दोऱ्याचा, १५,३४५ किमी. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर वारा बराचसा आडवा येतो, फारशी मदत नाही. समजा शून्य धरली. १५,३४५ ÷ ९०० = १७ तासांना थोडं जास्त.

रस्ता दुसरा : पॅसिफिकवरचा, १६,६०० किमी. समजा सरासरी १०० किमीचा वारा पाठीशी आहे. जमिनीच्या मानाने वेग १,०००. म्हणजे १६ तास ३६ मिनिटं. हवेतून कापलेलं अंतर १६.६ × ९०० = १४,९४० किमी.

जमिनीवर साडेबाराशे किमीने लांब असलेला रस्ता हवेत चारशे किमीने जवळचा आहे. म्हणून विमान तिकडून जातं.

तो वारा म्हणजे जेट स्ट्रीम. मध्य अक्षांशांत साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद, वेगवान पट्टा. हिवाळ्यात जपानच्या परिसरात तो जगातल्या सगळ्यात जोरदार पट्ट्यांपैकी एक असतो, ताशी ३०० किमीच्याही वर जातो. तुमचा प्रवास जानेवारीतला आहे, त्यामुळे त्याचा चांगला फायदा मिळेल. पण हा पट्टा रोज हलतो, म्हणून मार्गही रोज नवा निघतो. निघायच्या काही तास आधी वाऱ्याचा ताजा अंदाज घेऊन सगळे पर्याय पुन्हा तपासतात. मागच्या आठवड्यातली रेघ तुमच्या दिवशी मिळेलच असं नाही.

अजून एक उदाहरण. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० किमीवरून १५,३०० किमीवर गेलं, आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी झाला.

आणि आईंना हे नक्की सांगा : परतीचं विमानही बऱ्याचदा पूर्वेकडेच जातं, अटलांटिक आणि युरोपवरून. वारा दोन्ही वेळा पाठीशी घ्यायचा म्हणून. तसं झालं तर जाऊन-येऊन त्यांची पृथ्वीप्रदक्षिणा होईल.

वाचनमात्र

डिस्पॅचर काका, हा प्रतिसाद प्रिंट करून ठेवतोय. खूप वर्षांनी काहीतरी डोक्यात लख्ख बसलं.

पहिलाच_प्रतिसाद

मला एक शंका. पृथ्वी स्वतः पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानाला ठिकाण स्वतःहून समोर येऊन भेटायला हवं ना? उलट पूर्वेकडे जाणारं लवकर कसं पोचतं?

गणितप्रेमी

चांगली शंका आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने पूर्वेकडे सरकते. पण विमानतळावर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने सरकत असतं, आणि आजूबाजूची हवाही. उड्डाण केलं म्हणून तो वेग सुटत नाही. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर फेकला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही. तसंच.

पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण आडून. विषुववृत्ताकडची हवा गरम, ध्रुवाकडची थंड. या फरकामुळे वरच्या थरात हवा ध्रुवाकडे ढकलली जाते आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे ती वळून पूर्वेकडे वाहू लागते. तोच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो म्हणून तो जोरात असतो.

जाता जाता एक हिशेब. 'जाताना वारा मदत करतो, येताना अडवतो, म्हणजे एकूण फिट्टंफाट' असं बरेचजण म्हणतात. तसं होत नाही. ५,५०० किमी अंतर, विमान ९००, वारा १००. एका बाजूने ५,५०० ÷ १,००० = ५ तास ३० मिनिटं. उलट बाजूने ५,५०० ÷ ८०० = ६ तास ५२ मिनिटं. बेरीज १२ तास २२ मिनिटं. वारा नसता तर १२ तास १३ मिनिटं लागली असती. वाऱ्याविरुद्ध तुम्ही जास्त वेळ घालवता, म्हणून तोटा जास्त होतो. नऊ मिनिटं गेली ती परत येत नाहीत.

रात्रपाळी

वाऱ्यावरून आठवलं. २०२० च्या फेब्रुवारीत कियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं जम्बो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. एरवी साडेसहा तासांच्या आसपास लागतात. जमिनीच्या मानाने वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. माझा प्रश्न : मग ते ध्वनीपेक्षा वेगाने उडालं का?

निवृत्त_डिस्पॅचर

नाही. हवेच्या मानाने ते नेहमीच्याच ०.८५ च्या आसपास होतं. ज्या हवेत ते होतं ती हवाच ताशी ४०० किमीच्या आसपास वेगाने पुढे धावत होती. ध्वनीचा अडथळा हवेच्या मानाने मोजतात. तो खरोखर ओलांडून प्रवासी नेणारं काँकॉर्ड होतं. त्याचा याच मार्गावरचा विक्रम १९९६ च्या फेब्रुवारीतला, २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंद. २००३ साली ते थांबलं. तो वेळ त्यानंतर कोणत्याही प्रवासी विमानाला गाठता आलेला नाही.

जुना_प्रवासी

चर्चा फक्त वाऱ्यावर चालली आहे. जमिनीवरच्या सरहद्दींचाही विचार करा. अंतर तेच राहतं आणि वेळ एका दिवसात बदलतो.

हेलसिंकी ते टोकियो घ्या. फिनलंडच्या विमान कंपनीचा अख्खा धंदा 'युरोपातून आशियात जायचा आखूड रस्ता' यावर उभा होता, कारण दोरा ताणला की तो सायबेरियावरून जातो. सुमारे साडेनऊ तास. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाची हवाई हद्द युरोपीय कंपन्यांना बंद झाली आणि तोच प्रवास साधारण १३ तासांचा झाला. त्यातल्या काही फेऱ्या थेट उत्तर ध्रुवावरून गेल्या.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश जवळपास बंदच होतं, तेव्हा युरोपहून टोकियोला जाणारी विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जायची. मी तसा प्रवास ऐंशीच्या दशकात एकदा केला आहे. मध्यरात्री उतरवलं, बाहेर बर्फ, काचेच्या पेटीत एक प्रचंड पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं. तासाभराने पुन्हा विमानात. आज कोणी अँकरेज म्हटलं की मला ते अस्वलच आठवतं.

पहिलाच_प्रतिसाद

आणि हिमालय, तिबेट? तिथूनही विमानं जात नाहीत म्हणे, चुंबकीय शक्तीमुळे?

निवृत्त_डिस्पॅचर

चुंबकाचा काही संबंध नाही. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला १०,००० फुटांच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावर पडणारे ऑक्सिजनचे मास्क साधारण बारा ते वीस मिनिटंच पुरतात. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच ४,५०० मीटर, म्हणजे १४,७०० फूट. खाली यायला जागाच नाही. काही ठरावीक मार्ग आहेत, त्यांना वेगळी तयारी लागते. बाकीचे वळसा घालतात.

समुद्रावरचंही सांगतो, कारण पॅसिफिक म्हटलं की बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक वेळात कुठल्यातरी विमानतळावर पोचता येईल अशाच रेषेवर राहावं लागतं. अमेरिकेत १९५३ साली ही मर्यादा ६० मिनिटं होती. १९८५ साली बोइंग ७६७ ला १२० मिनिटं मिळाली, मग १९८८ मध्ये १८०. इंजिनं भरवशाची होत गेली तशी ती वाढत गेली, आणि नकाशावरच्या वाकड्या रेषा सरळ होत गेल्या.

दूरदेशी

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! मी आईला मोठ्याने वाचून दाखवतेय. अस्वल दोनदा वाचून घेतलं.

दोन गोष्टी अजून सुटायच्या आहेत. डिस्पॅचर काकांच्या हिशेबाने साडेसोळा-सतरा तास येतात. मग तिकिटावर १८ तास ४० मिनिटं कशी? आणि आईसाठी हे थेट विमान घ्यावं की फ्रँकफर्टला थांबणारं? मध्ये पाय मोकळे होतील असं भाऊ म्हणतोय.

निवृत्त_डिस्पॅचर

तिकिटावरचा वेळ 'ब्लॉक टाइम' असतो. जागेवर उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले चॉक (विमान घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे) काढल्यापासून ते पोचल्यावर पुन्हा चॉक लावेपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं आलं, आणि मोठ्या विमानतळावर त्यालाच वीस-तीस मिनिटं सहज जातात. चढताना आणि उतरताना वेग ९०० नसतो. पोचल्यावर आकाशात घिरट्या घालायला लागू शकतात. शिवाय एवढं इंधन भरलेलं विमान सुरुवातीला जड असतं, थेट वर जाऊ शकत नाही. इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर चढतं. मी वर १०० चा वारा 'समजा' म्हणून धरला होता. तेवढा रोज मिळत नाही, आणि वेळापत्रक मोसमभरासाठी छापायचं असतं. म्हणून कंपन्या थोडा राखीव वेळ धरूनच आकडा देतात. तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर : हवेत साधारण साडेसतरा तास, खुर्चीत साडेअठरा.

विमानाबद्दलही दोन शब्द. या मार्गावर एअरबस ए३५० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार वापरतात. त्यात १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि खुर्च्या फक्त १६१. नेहमीची इकॉनॉमी त्यात नाहीच. वजन वाचवल्याशिवाय एवढ्या लांब जाता येत नाही, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधनच लागतं.

वाट_पाहणारी

थेट की थांबून, यावर मी अनुभवाने लिहिते. कागदावर फ्रँकफर्टमार्गे अंतर फारसं वाढत नाही. सिंगापूर–फ्रँकफर्ट सुमारे १०,३०० आणि तिथून न्यूयॉर्क सुमारे ६,२००, म्हणजे थेट दोऱ्यापेक्षा अकराशे-बाराशे किमी जास्त, तुमचं थेट विमान पॅसिफिकवरून उडेल तेवढंच. पण पश्चिमेकडे जाताना वारा समोरून, दोनदा उतरणं, दोनदा चढणं, मधला थांबा. वेळ चार-पाच तासांनी तरी वाढतो.

आणि दोन वेगळ्या तिकिटांवर कधीही जाऊ नका, हे हात जोडून सांगते. तीन वर्षांपूर्वी मी वडिलांना घेऊन तसं केलं. दोन वेगळ्या कंपन्या, मध्ये तीन तास. पहिलं विमान दोन तास उशिरा निघालं. सामान आपणच ताब्यात घेऊन पुन्हा द्यायचं होतं. पट्ट्यापाशी आम्ही उभे, आमची एक बॅग दिसत होती पण पट्टा थांबलेला, आणि वर फलकावर आमच्या पुढच्या विमानासमोर 'गेट बंद' असं आलं. दुसऱ्या कंपनीने हात वर केले, 'तुमचं आधीचं तिकीट आमचं नाही.' त्यांच्या नियमाने ते बरोबरही असेल. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रात्रभर लोखंडी खुर्चीवर बसवावं लागलं, ते अजून माझ्या मनातून जात नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असता तर पुढच्या विमानात बसवणं त्यांची जबाबदारी असती.

आईंचे गुडघे दुखत असतील तर थेटच बरं. थांब्यावर पाय मोकळे होतात हे खरं, पण ते लांबच लांब गल्ल्यांत धावपळ करत. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा, दोन्ही टोकांना.

दवाखान्यातून

मी डॉक्टर आहे, फक्त बसण्यापुरतं लिहिते. चार तासांहून लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात २००७ साली दिसलं. मुळात शक्यता कमी असते, अंदाजे सहा हजारांत एक, त्यामुळे घाबरू नका. पण दीड-दोन तासांनी उठून चार पावलं टाका, बसल्या बसल्या पावलं वर-खाली करा, पाणी पीत राहा, पायावर पाय टाकून झोपू नका. कडेची खुर्ची घ्या, म्हणजे उठायला संकोच होत नाही. आधी कधी गुठळी, नुकतीच शस्त्रक्रिया, कॅन्सर किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना भेटा. घट्ट मोजे किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

गणितप्रेमी

घड्याळाचं राहिलंच. सगळ्या वेळा आधी जागतिक वेळेत, यूटीसीत आणा, मग चूक होत नाही. सिंगापूर यूटीसीच्या ८ तास पुढे, न्यूयॉर्क जानेवारीत ५ तास मागे. फरक १३ तास. रात्री ११:३५ ला निघालात, त्यात १८:४० मिळवले की सिंगापूरच्या घड्याळात दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ६:१५. त्यातून १३ वजा, पहाटेचे ५:१५. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा १२ वजा करायचे.

ऑकलंड–लॉस एंजेलिसला तर याहून गंमत आहे. समजा जानेवारीत रात्री ८ ला निघालात, १२ तास उडालात, फरक २१ तासांचा. त्याच दिवशी सकाळी ११ ला पोचता. निघण्याच्या आधी!

दूरदेशी

(पाच आठवड्यांनंतर)

पोचलो, राहिलो, आता इथूनच लिहितेय. प्रत्यक्षातले आकडे सांगते.

थेट विमानच घेतलं. चाकं हलली रात्री ११:५० ला. जमीन सुटली १२:०८ ला. हवेत १७ तास २२ मिनिटं होतो. आईने स्वतः वहीत लिहिलंय, मी नुसती आकडे वाचून दाखवत होते. जपानच्या पूर्वेला स्क्रीनवर वेग ताशी १,१४० किमी दिसला, बाहेर उणे ५८. कॅनडावर तो ८९० पर्यंत उतरला. तेव्हा आई म्हणाली, "वारा सुटला वाटतं." ॲपवर नंतर पाहिलं तर एकूण अंतर १६,६०० किमीच्या आसपास निघालं.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. निघून पाचेक तासांनी पॅसिफिकवर सूर्य उगवला आणि साधारण सहा तासांतच मावळला. आम्ही पूर्वेकडे धावत होतो, वर हिवाळा आणि उत्तरेचे अक्षांश, म्हणून दिवस एवढासा झाला. आई कडेच्या खुर्चीत होती, मी खिडकीत. मावळताना तिला माझ्या जागी बसवलं. पंखाचं टोक आधी केशरी झालं, मग जांभळं, आणि खाली ढग अजून पांढरेच होते.

पाय सुजले नाहीत. डॉक्टरबाईंचं ऐकून ती दर दोन तासांनी मागच्या पडद्यापर्यंत जाऊन येत होती.

भावाच्या घरी ३० सेंटिमीटरचा गोल निघाला. आईने वहीतल्या खुणा बघत आम्ही गेलो त्या रस्त्याने दोरा लावला, जपानच्या पूर्वेला मी बोट धरलं, अलास्काच्या खाली भाच्याने. पट्टीवर ३९ सेंटिमीटर भरला. मग तोच दोरा सोडून सरळ ताणला, ३६. उरलेला तीन सेंटिमीटरचा तुकडा तिने बोटाला गुंडाळला आणि विचारलं, "एवढ्यासाठी वाऱ्याने किती वाचवले म्हणायचे?" @गणितप्रेमी, याचं उत्तर तुम्हीच द्या, ती वाट बघतेय.

परतीचं विमान पुढच्या शुक्रवारी. अटलांटिकवरून नेलं तर इथेच कळवते.